स्टेअरिंगचं चाक कोळीवाड्यात गेलं तेव्हा

रेवदंड्याची ती चोरी अजून माझ्या मनातून जात नाही. पुढच्या नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, त्यांचे तपशील पुसट झाले. पण एका जुन्या मोटारीच्या स्टेअरिंगचं चाक चोरीला गेलं होतं, ते प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. आता मी घाटावर राहतो, समुद्र इथून लांब आहे. त्या किनाऱ्याची आठवण आली की फार हुरहूर लागते, आणि पेन्शनीत गेलेल्या माणसाला हे सांगायची लाज वाटत नाही.

ते दिवस एकोणीसशे तिशीतले. मी तिथे फौजदार होतो, चोरीच्या वर्षी भर पावसाळ्यात बदलून आलेला. रेवदंडा ते अलिबाग एका गुजराती शेठची मोटार उतारू नेत असे; त्याच रस्त्यावर आणखी एकाची मोटारही धावे. पावसाळ्यात रस्त्यावर चिखल होई, म्हणून मोटार चार महिने छपराखाली उभी राही. त्या वर्षी पाऊस ओसरला, नवा ड्रायव्हर ठरला आणि एका सकाळी शेठ ठाण्यात येऊन बसला.

"साहेब, स्टेअरिंगचं चाक गेलं. नुसता दांडा उभा आहे. त्या दुसऱ्या मोटारवाल्याचंच काम, बीजा कोण?"

मी पंचनाम्याला गेलो. चोरीत ओरबाडणं असतं, घाई असते. इथे तसं काही नव्हतं. चाक काढून घेतल्यावर त्याचा नट दांड्याच्या आट्यांवर पुन्हा फिरवून ठेवला होता आणि गंज चढू नये म्हणून वर तेल लावलं होतं. तेलाला माशाचा वास येत होता. असा काळजीवाहू चोर मी तोवर पाहिला नव्हता.

तरी फिर्यादीत नाव होतं म्हणून त्या दुसऱ्या मोटारवाल्याला बोलावून सकाळभर बाकावर बसवलं. जमादाराने दरडावून पाहिलं. तो हसून म्हणाला, "साहेब, ते चाक चोरायची मला गरज काय? पाव फेरा फिरवावं तेव्हा कुठे त्या मोटारीची पुढची चाकं वळतात. एवढा ढिलेपणा असल्यावर ती आपली आपणच खाडीत गेली असती. माझा धंदा बसल्या जागी वाढला असता."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी नको म्हणून मी त्याला घरी पाठवलं.

खबर आली ती आमच्या पोलीस लाइनीत मासळी विकायला येणाऱ्या बाईकडून. हवालदाराच्या बायकोशी बोलता बोलता ती सांगून गेली की कोळीवाड्यात अमक्या घरी भिंतीला काळं चाक टांगलंय, त्याला हळदकुंकू लावलंय. मी दोन पंच घेऊन निघालो.

घर शेठच्या जुन्या ड्रायव्हरचं होतं. तो मूळचा कोळी, पूर्वी होडीच्या सुकाणूवर बसणारा. होडी सुटली तेव्हा मोटार शिकला. पाऊस लागायच्या आधी तो गाव सोडून गेला तो परतला नव्हता. घरात त्याची बायको एकटीच होती, तिशीच्या आतबाहेरची. चाक समोरच होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"हे कुणी आणलं?" मी विचारलं.

"मीच आनला."

"चोरी आहे ही. कळतं का?"

"चोरी कशी साहेब? सुकान हाय तो. पावसान सुकान घरान असतो."

मी पंचांकडे पाहिलं. त्यातला म्हातारा कोळी म्हणाला, "व्हय साहेब. पावसान होडी वर ओढली की सुकान काढून घरी ठेवतान. मग दर्या उघडला की ज्याचा त्यानंच लावायचा. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय."

"मोटारीचं काढायला कुणी शिकवलं?"

एवढा वेळ ताठ उभी असलेली ती बाई खाली बसली आणि सांगू लागली. मोटारीचं सुकाणू ढिलं झालं तेव्हा नवरा शेठला सांगून थकला, शेठ म्हणे, चालतंय ना. मग नवऱ्याने स्वतःच बघायचं ठरवलं. पण ढिलेपणा कुठे आहे हे एकट्याने कळत नाही. एकाने वर चाक डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. तो खाली गेला आणि हिला वर बसवलं; चाक कसं काढायचं तेही तेव्हाच दाखवलं.

"तो खालून सांगं, जरा आनखी. मी फिरवायची. मंग त्याला गावला, खालचा गोला झिजलेला. नवा आनाया शेवटच्या आगबोटीनं मंबईला जेला." ती थांबली. "नवा डायवर बसला असता त्याच्या जाग्यावर. म्हनून काढला."

तिला अटक करायला माझं मन धजेना. मुंबई पोलिसांना लिहिलं. इस्पितळं, गोदी, मोटारींचे कारखाने, सगळीकडे चौकशी झाली. पत्ता लागला नाही, एवढंच उत्तर आलं.

इकडे शेठ रोज ठाण्यात. मी त्याला सुनावलं, "ढिल्या स्टेअरिंगवर माणसं बसवलीत, ते प्रकरण आधी काढू की चाकाचं?" शेठ समजायचं ते समजला. फिर्याद मागे घेतली, अलिबागेहून मिस्त्री आणून सांध्यातला झिजलेला गोळा बदलून घेतला. मी स्वतः उभा राहून पाहिलं. सांधा पार आवळून मिस्त्रीने तो किंचित सैल केला, फार आवळला तर वळणावर अडकतो म्हणाला. राहिलं होतं फक्त चाक.

ते आणायला मी एकटाच गेलो.

"गोला बसवला?" तिने विचारलं.

"बसवला. मी पाहिला."

तिने चाक उतरवलं, पदराने कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिलं. रडली नाही.

"तो येवाचा न्हाय, मना ठाव हाय साहेब," ती म्हणाली. "पन सुकान घरान व्हता तवर कोनी इचारला तर मी सांगायची, पाऊस हाय ना, येल. आता काय सांगू?"

मी चाक घेऊन बाहेर पडलो. चाक शेठला पोचलं, मोटार सुरू झाली, गुन्हा निकाली निघाला म्हणून वरिष्ठांनी शाबासकीही दिली. चोराचा हेतू शोधावा असं आम्हाला शिकवलेलं असतं आणि तेव्हा मला वाटे की हेतू दोनच, लोभ आणि राग. माणूस वाट पाहण्यासाठीही चोरी करतो, हे मी तिच्याकडून शिकलो. त्यानंतर कुणाच्या घरातून वस्तू जप्त करताना माझा हात जरा थांबू लागला.

माझी बदली होईपर्यंत मुंबईची आगबोट आली की मी काही ना काही निमित्त काढून धक्क्यावर जात असे. ती तिथे उभी असायची. मीही उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे निरखून पाहायचो. तिच्या नवऱ्याला मी कधी पाहिलेलंच नव्हतं.