काकूंचा मेन स्विच

भाडेकरूसाठी सख्ख्या नवऱ्याशी भांडणारी घरमालकीण अख्ख्या जगात एकच होती, आणि ती आमच्या नशिबी आली. फुलंब्रीकडच्या मेंढपाळ घरातल्या या काकूंना मांडव दिसला की राहवत नसे. डोळ्यांचं शिबिर असो की शुगर तपासणीचं, काकू पहिल्या रांगेत. सावली मिळते, चहा मिळतो, माणसं दिसतात, एवढंच त्यांचं कारण. अशाच एका शिबिरातून एकदा त्या कायदा घेऊन आल्या. गेलेली लाईट परत आली की त्या खालून ओरडायच्या, "आली का रं तुमची?" आमचा दिवा लागल्याशिवाय स्वतःचा पंखा लावत नसत. नळाला पाणी कितीही दिवसांनी येवो, आधी आमचा ड्रम भरे. काका, म्हणजे घरमालक, नुसते धुमसायचे.

एका मे महिन्यात काकांना आमची खोली पुतण्यासाठी हवी झाली. बाळ जेमतेम महिन्याचं, बायको अशक्त, म्हणून मी थोडी मुदत मागितली. काकांनी सरळ आमचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि खाली मॅच बघत बसले. वर पत्र्याखाली बाळाने रडून आकांत मांडला. काकू बाजारातून आल्या, रडणं ऐकलं, झाला प्रकार कळला आणि त्यांनी अख्ख्या घराचा मेन स्विच पाडला. पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. ऐन रंगात टीव्ही बंद!

"अगं, काय करती?" काका ओरडले.

"वकीलबाईनं शिबिरात सांगितलंय, भाडेकरूची लाईट-पाणी मालकाला तोडता येत नाय. खोली पायजे तर कोर्टात जा. नायतर मीच अर्ज देते, अन् साक्षीलाबी मीच!"

"मी तुजा नवरा हाय!"

"व्हय, म्हणून तर आधी घरात सांगितलं. माझ्या बापानं हौदावर आलेलं परक्याचं मेंढरूबी कधी हाकललं नाय."

गल्ली जमली. काकांनी बराच वेळ तग धरला. शेवटी घामाघूम होऊन वर आले आणि स्वतःच्या हाताने फ्यूज बसवला. काकूंनी मेन स्विच चढवला. आमचा पंखा गरगरला, बाळ गप्प झालं आणि गल्लीने मॅच जिंकल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. पुतण्याने दुसरीकडे खोली बघितली.

आता आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, मीटर माझ्या नावावर आहे आणि इन्व्हर्टरमुळे लाईट गेलेली कळतही नाही. परवा काकूंचा फोन आला, "आमची आत्ता आली. तुमची आली का रं?" माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. पण त्यांनी बोलत राहावं असं फार वाटलं, म्हणून म्हणालो, "नाही आली अजून."

"मग माझाबी पंखा ऱ्हाऊ दे तवर," काकू म्हणाल्या.

"आली, काकू, आली!"

"आली व्हय? बरं, ठिवते मग."