आमचं घर निरंक नव्हतं

माझी बायको सरू गेली तेव्हा मी ओढ्यापलीकडे शेळीचं दूध आणायला गेलो होतो. तिनेच पाठवलं होतं. त्याच्या आठ दिवस आधी शहरातल्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, तेव्हापासून मी तिच्या खाटेला चिकटून बसलेला. सकाळी मला म्हणाली, "जावा, दूध घिऊन या. तुमचं तोंड बघून मला जास्तच दुखतंय." मी गेलो. परत येताना ओढ्यात पाय घातला तर समोरून आमची मुलगी सुजाता येताना दिसली, अनवाणी, पदर लोंबतोय. मी हातातलं भांडं सांडू नये म्हणून नीट धरलं आणि तसाच पाण्यात उभा राहिलो... किती वेळ ते आता सांगता येत नाही.

तिच्या हयातीत मी तिचं नाव चारचौघांत घेतलं नाही, आमच्या पिढीत ती रीत नव्हती. आता घेतो. सरूबाई. मोशीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या ओढ्याअलीकडे आमची बौद्ध वस्ती. माणसं भेटायला आली, ओढ्याच्या दोन्हीकडची आली. बसायची, डोळे पुसायची आणि एकच वाक्य बोलायची : "बाई कधी आजारी म्हणून पडली नाही हो." पुण्यानुमोदनाच्या दिवशी एका भल्या माणसाने माईकवरही तेच सांगितलं. मी उठलो आणि म्हणालो, "तुम्ही खाली बसा." तो बसला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. दोन वर्षं ही बाई छातीत गाठ घेऊन गावभर सांगत फिरली की मला क्यान्सर झालाय, आणि तिच्याच दारात बसून तुम्ही म्हणता आजारी पडली नाही. हे वाक्य सरूला चालत नव्हतं. त्या वाक्याशी तिचं जुनं वैर होतं.

चीनची लढाई झाली त्या साली मी कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. मोशीमार्गे सायकल हाणत जायचो. सरू चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायची, पाट्या डोक्यावर वाहायची. अंगाने काटकुळी, पण बोलायला सुरुवात केली की मुकादम दोन पावलं मागे सरकायचा. पुढे मोठा दुष्काळ पडला. तो सरल्यावर दोन-तीन वर्षांनी गावात एक जीप आली. शहरातल्या एका दवाखान्याची माणसं होती. कोणत्या गावाला आरोग्याची काय गरज आहे, याचा सर्वे करायचा आणि त्याप्रमाणे कुठे उपकेंद्र द्यायचं, कुठे नर्स द्यायची ते ठरवायचं, असं त्यांचं काम. एक डॉक्टरीणबाई होत्या आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा घेतलेले एक चष्मेवाले साहेब. साहेबांनी चावडीत टेबल टाकलं आणि घरटी एका बाप्याला बोलावून विचारत गेले. शेवटी आमच्या वस्तीचा नंबर लागला. सरू कांद्याला गेलेली. "घरात माणसं किती?" चार. "मुलं किती?" दोन, एक मुलगा एक मुलगी. "कुणी आजारी?" मी म्हणालो, कुणी नाही. त्यांनी रकान्यात एक शब्द लिहिला. मी चौथीपर्यंत गेलेलो, अक्षर लावून वाचलं : निरंक. मला वाटलं, निरोगीच्या जवळचाच काही शब्द असणार. नाही तर निष्कलंकसारखा. मला बरं वाटलं. निरंक म्हणजे नुसतं शून्य, नोंदायला काहीच नाही, हे पुढे कळलं.

सरू घरी आली तसं मी तिला ऐटीत सांगितलं, "आपलं घर निरंक निघालं."

"म्हंजी काय?"

"म्हंजी चांगलं. झ्याक."

"कुणाला इचारलं त्येंनी?"

"मलाच की."

तिने पाटी खाली ठेवली. "तुमास्नी काय ठावं वं?"

मला ठावं होतं. हे मी आज लपवत नाही. शेवटच्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर यायचं. पाटी उचलली, खाली बसली, खोकली की यायचं. कमरेला फडकं घट्ट आवळून ती बाजारात जायची, हे मी रोज बघत होतो. पण ते आजारात धरायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, बायकांचं असतंच काहीतरी. आणि आमच्याकडे आजारी म्हणजे पडलेलं माणूस. जे उठून भाकरी थापतंय, ते आजारी नाही. सगळ्या गावाने याच हिशेबाने जबाब दिला होता, आणि सगळं गाव निरंक निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची शिफ्ट होती. सकाळी सरू चावडीकडे निघाली म्हणून मीही मागे गेलो, तिने भांडण करू नये म्हणून. ती टेबलापाशी जाऊन सरळ म्हणाली, "सायेब, तुमचा सवाल चुकलाय."

"बाई, सवाल पुण्याहून छापून आलाय," साहेब म्हणाले.

"मंग पुन्यातल्या बायांना इचारा त्यो. आमच्यात आजारी म्हनलं की बाया न्हाईच म्हननार. मला इचारलं तर मी बी न्हाईच म्हनले असते."

साहेब हसले. पण डॉक्टरीणबाई उठून बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, "मग कसं विचारायचं?"

सरू म्हणाली, "इचारा की गेल्या साली करीत व्हतीस आन् औंदा व्हत न्हाई, आसं काम कंचं?"

डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच एक घर दाखवलं. सरू गेली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. घरातल्या बायका दाराआडून बोलल्या. अर्ध्या घटकेने सरू परत आली ती तीन जणींचे आजार घेऊन. एकीला डोक्यावर हंडा घेतला की डोळ्यांपुढे अंधार यायचा. एकीला संध्याकाळ झाली की दिसायचंच नाही, चुलीवर हात भाजलेले. तिसरीचं सरूसारखंच. साहेबांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरीणबाईंनी कोरे फॉर्म सरूच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "तुम्हीच विचारा. आम्ही खेडला थांबलोय, पंधरा दिवस." राजगुरुनगरला आमची पिढी अजून खेडच म्हणते.

आता यातली गंमत सांगतो. ज्या घरांत सरूला आत घेत नव्हते, त्याच घरांतल्या बायका तिला सांगायला लागल्या. मी एकदा विचारलं, तुलाच का सांगतात? तर म्हणाली, "त्येंच्यातल्या बाईला सांगितलं तर सांजंला सासूच्या कानाव जातंय. माझ्याकडनं कुठं जानार? मला कोन बसवून घेतंय?" हे बोलताना ती हसली नाही आणि रडलीही नाही. काम होतंय ना, मग उंबऱ्याबाहेर तर बाहेर. पण कुणी वरून पाणी ओतून देऊ लागलं तर ती घ्यायची नाही. "तहान न्हाई, ताई. दुखनं सांगा," एवढंच म्हणायची.

तिला लिहिता येत नव्हतं. सगळं डोक्यात साठवायची आणि गुरुवारी मला बसवायची. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. नाव लिहायचं नाही, हा तिचा पहिला नियम. मलेरियावाल्यांनी भिंतीवर टाकलेला घराचा नंबर तेवढा लिहायचा. मी लिहीत गेलो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लिहिलं. तेव्हा मला कळलं की आमच्या गावात काय काय चाललंय. मी लहानपणापासून त्या गावात राहतो राव, आणि मला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी शेवटी आमचं घर आलं. ती म्हणाली, "लिवा."

"आपलं कशाला? आपलं झालंय लिहून."

"त्ये खोटं झालंय. लिवा. पोरं चार."

"दोन."

"चार झाली. दोन गेली. त्येंचा रकाना कुठं हाय?"

रकाना नव्हता. मी कडेच्या मोकळ्या जागेत लिहिलं : दोन गेली. मग ती म्हणाली, "आता लिवा, अंग बाहेर येतं."

माझा हात थांबला. परक्या साहेबाच्या कागदावर, माझ्या हाताने, माझ्याच बायकोचं... मी म्हणालो, "असलं कसं लिहायचं?"

"जसं येतं तसं."

मी लिहिलं. लिहिताना घाम आला. इतरांच्या बायकांचं मी बिनघोर लिहीत आलो होतो, हे तेव्हा ध्यानात आलं.

ही गोष्ट लपून कशी राहणार? गावचे एक पुढारी होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. ते पाच-सहा जण घेऊन ओढ्याच्या काठावर येऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, "ए किसन, तुझ्या बायकोनं समद्या गावाचा दवाखाना केला म्हनं!"

सरू बाहेर आली. आबा म्हणाले, "कागद मागं घे, सरूबाई. इतका आजार सरकारात गेला तर हितं पोरी कोन दील आन् हितल्या पोरी कोन करील? गाव निरंक हाय."

"आबा, कागदाव आला म्हून आजार वाढत न्हाई. त्यो घरातच वाढतोय."

"आमच्या घरचं काय लिवलंयस?"

"त्ये तुमच्या घरात इचारा. ज्येंनी सांगितलं त्येंनी मला सांगितलं, तुमास्नी न्हाई."

मग आबांनी मला धरलं. "तूच लिवलंस नव्हं? बोल की."

मी म्हणालो, "लिवलंय, आबा. पन माझं ध्यान कच्चं हाय. म्हून तर चौथीच्या पुढं गेलो न्हाई." मागचा एक जण फिसकन हसला. आबांनी त्याच्याकडे बघितलं. "कागद आन हिकडं," ते म्हणाले. सरू म्हणाली, "कागद सकाळच्या येष्टीनं खेडला पोचलं बी." हे खरं होतं, ती स्वतः देऊन आली होती. त्यानंतर महिनाभर तिला गावात कुणी कामाला सांगितलं नाही. तिने त्याचा विचार केला नाही, चाकणला जात राहिली.

उपकेंद्र आलं. लगेच नाही, दोन पावसाळे गेले. एक खोली, एक नर्सबाई. सरूचं त्या बाहेर येणाऱ्या अंगाचं ऑपरेशन शहरात झालं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की तीन महिने वजन उचलायचं नाही. म्हणून मी विहिरीवरून पाणी आणायला लागलो, दोन हातांत दोन कळश्या. कट्ट्यावरची पोरं म्हणायची, "सरूबाईचा पाणक्या आला!" मी म्हणायचो, "व्हय, आलो. बाजूला सरा, सांडंल."

मग बरीच वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी एकदा सरू आंघोळ करून आली आणि म्हणाली, "छातीत गाठ लागतीया. उद्या सुट्टी टाका." एवढंच. रडणं नाही, लपवणं नाही. शहरात नेली, कापलं, मशीनचे शेक दिले, सलाईनमधून औषधं दिली, केस गेले. एसटीत बायका विचारायच्या तर मोठ्याने सांगायची, क्यान्सर हाय. बायका तोंडावर पदर घ्यायच्या, बाजूला सरकायच्या. ती म्हणायची, "नाव घेतल्यानं येत न्हाई ते. तुमची बी हात लावून बघा, अन् लागली तर नर्सबाईकडं जावा." दोघी जणी नर्सबाईकडे गेल्या, एवढं मला माहीत आहे. पुढचं त्या सांगतील.

आणि आता माझ्याच घरातलं सांगतो. महिन्याभराने मी मृत्यूचा दाखला आणायला ग्रामसेवकाकडे गेलो. त्यांनी नोंद मांडून ठेवली होती, शिक्का तेवढा बाकी होता. कारण लिहिलं होतं : वार्धक्य. मी म्हणालो, हिचं वय काय, आणि हे कुणी सांगितलं? ते माझ्या मुलाकडे बघायला लागले. अशोक माझ्यासोबत आला होता. तो पिंपरीला कंपनीत आहे, चांगला मुलगा आहे, आईच्या आजारात त्याने ओव्हरटाइम करून पैसे आणले. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "बाबा, मीच सांगितलं. सुजाताचं जमवायचंय. आईला काय होतं ते कागदावर कशाला? विचारपूस होते, लोक म्हणतात रक्तात असतं. आई गेली, तिला काय फरक पडतो?"

मी त्याला तिथे रस्त्यात वाटेल ते बोललो. तोही बोलला. घरी आलो तरी दोघांचं चालूच. तो म्हणाला, तुम्हाला पोरीपेक्षा कागद मोठा झाला. मलाही ते बोचलं, कारण पोरीचा बाप मीच आहे, आणि स्थळं परत गेली तर तोंड मलाच दाखवायचंय. सुजाता चुलीपाशी बसून ऐकत होती. तवा उतरवून ती उठली आणि म्हणाली, "दादा, माझ्या लग्नाचं बोलतोयस ना? मग मला कधी इचारलंस?"

अशोकने तिला कधीच विचारलं नव्हतं. मीही.

तिने दवाखान्याचे कागद ट्रंकेतून काढले, ग्रामपंचायतीत एकटी गेली आणि अर्ज देऊन नोंद बदलून घेतली. परत आली तेव्हा पिठाचे हात तसेच होते. अशोक अजून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि हे मी लिहितोय ते पेपरात छापून आल्यावर आणखी बोलणार नाही. न बोलू दे. सुजाताला अजून स्थळ आलेलं नाही, तेही लिहून टाकतो. ग्रामपंचायतीत मेलेल्यांचं एक लांबट रजिस्टर आहे. त्यात सरूच्या आधीच्या दोन पानांवर बायकांच्या नावापुढे वार्धक्य आहे, अशक्तपणा आहे, अचानक आहे. सरूच्या ओळीत एक शब्द खोडलाय आणि वर दुसरा लिहिलाय, शेजारी सही आहे. मधूनमधून मी जाऊन ते पान उघडायला सांगतो. ग्रामसेवक म्हणतात, "बाबा, किती वेळा बघता?" मी म्हणतो, तुम्ही उघडा. ओळ तिथे आहे. ज्याला वाचायची असेल त्याने येऊन वाचावी.