मेला की जिवंत

दोन हजार तेवीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. त्या साली बाईंना लोकांनी स्टेजवर चढवलं.

आधी बाईंची सवय सांगतो. हैदराबादच्या आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या केसाएवढ्या जंताला त्या बारीक तारेने टोचायच्या. "हलला. जिवंत, लिहा." नाही हलला तर, "मेला. लिहा." मी चौथी पास. बशा धुवायचो, जंतांचं खाणं शिजवायचो.

जंत म्हातारा का होतो, एवढंच त्या पुण्याच्या बाई जन्मभर शोधत राहिल्या. सांगायच्या, पेशीत प्रथिनं तयार होतात, त्यांची घडी नीट बसावी लागते. बिघडलेलं प्रथिन पेशी सरळ करते, नाही तर मोडून टाकते. वय झालं की हे काम ढिलं पडतं आणि तुमच्या मलकपेठेतल्या कचऱ्यासारखा ढीग साचतो. जंताला तरुणपणी जरा गरमी दिली की ही दुरुस्ती जागी होते, तो जास्त जगतो.

मी म्हणालो, मग हैदराबादच्या उन्हात आम्ही सगळ्यांनी शंभरी गाठायला हवी.

"जंत असता तर गाठली असती, मामा."

एका विद्यार्थ्याने मेलेले जंत जिवंतात धरले. बाईंनी त्याच्या साऱ्या बशा माझ्याकडून कचऱ्यात टाकवल्या.

रिटायर झाल्यावर बाईच विसरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या झाल्यात. म्हणजे तोच ढीग. मी रोज बरकतपुऱ्याला त्यांच्या घरी जायचो. भान होतं तेव्हा म्हणाल्या, "मी माणसं ओळखेनाशी झाले की मला लोकांपुढे बसवू देऊ नका. तुम्ही हट्टी आहात, अडवाल."

तोच विद्यार्थी, आता मोठा साहेब, त्यांना सत्काराला न्यायला आला. मॅडम सगळ्यांना ओळखतात म्हणाला. मी म्हटलं, खोटं. दारात आडवा उभा राहिलो. बाईंच्या भाच्याने खांद्याला धरून मला बाजूला केलं. "मामा, इज्जतीचं काम आहे. तमाशा नक्को."

मी मागोमाग गेलो, सभागृहात मागे उभा राहिलो. स्टेजवर साहेब हार घालायला वाकला. बाईंनी हातात दिलेल्या गुच्छातली टाचणी काढून त्याच्या हाताला टोचली. तो दचकला.

"हलला. जिवंत, लिहा."

माइक समोरच होता. शिकलेली माणसं ती, विनोद समजून टाळ्या पिटत राहिली. तुम्ही बाईंचं तोंड पाहायला हवं होतं. त्या लिहिणारा शोधत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. हार खुर्चीवर सुकत होता. बाईंपुढे बसून मी हात टेबलावर ठेवला. त्यांनी नखाने टोचलं. पुन्हा टोचलं. दारात कामी न आलेला तो हात मी हलवला नाही.

"मेला," त्या म्हणाल्या. "लिहा."