बापाचं नाव पोराला

भोकरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग स्वतः वर चढवली. नोकरीसाठी एकटी बाहेर पडणारी मी गावातली पहिलीच पोरगी. भावकी नाराज होती. खिडकीशी येऊन अण्णा म्हणाले, "लोकं बोलून राहिलेत, बोलू दे. तू तुझं काम नीट कर."

पुण्यात मी नर्स म्हणून लागले, लग्न केलं. बोलण्यातल्या 'हाव'चं 'हो' झालं, 'लई'चं 'खूप'. मुलगा झाला, पण त्याआधीच्या उन्हाळ्यात अण्णा गेले होते.

बारशाला मी त्यांचंच नाव ठेवायचं म्हटलं. खुशाल. सासूबाई मोबाइलवर नावं शोधत होत्या. "अगं, हे आपल्यातलं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "शिवाय मूळ शब्द 'खुशहाल' दिसतोय. लेकराच्या नावात हाल कशाला?"

लहानपणी मीही अण्णांना हेच विचारलं होतं. त्यांचे आजोबा निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले, थोडी फारसी जाणणारे. नातवाचं नाव त्यांनीच ठेवलेलं. "हाल म्हंजे कष्ट न्हाई गं," अण्णा सांगायचे. "फारसीत हाल म्हंजे अवस्था. खुश-हाल, ज्याचं बरं चाललंय तो. दुष्काळात जन्मलो मी, तरी म्हाताऱ्यानं हेच ठेवलं."

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. म्हटलं, "जमीन, बाजार, दरवाजा हे शब्दही तिकडूनच आलेत. ते आपलेच झाले ना? नाव हेच राहील."

"आई, तेच राहू दे," नवरा एवढंच म्हणाला. सासूबाईंनी मोबाइल बाजूला ठेवला. मग बाळाच्या कानात त्यांनीच नाव सांगितलं.

लेकरू चालायला लागल्यावर आम्ही गावी गेलो. माझी आई त्याला नुसतं 'बाळ' म्हणायची. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, आता तरी कसं काढणार? एके सकाळी पोरगं अंगणातून थेट रस्त्याकडं पळालं. समोरून ट्रॅक्टर येत होता. मी उठेपर्यंत आई ओरडली, "खुशाल!"

ते जागीच थांबलं. मी धावत जाऊन त्याला उचललं.

पुण्यात मला घर कुठलं विचारलं, की आजही मी त्या अंगणाच्या गावाचंच नाव सांगते. त्या सकाळी आई तिथं ओट्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं. मग तिनं पुन्हा हाक मारली. हळूच, काही काम नसताना.