सैतानाची भाकरी टोपलीत आहे

पिक्चरची माणसं आमच्या घोलवडच्या वाडीतून गेली त्याला बरेच दिवस झाले, पण त्यांचे किस्से संपत नाहीत. चिकूसारखंच आहे हे. टोपलीतले सगळे काही एकदम पिकत नाहीत. एक खाऊन होतो, तोवर हाताला खालचा दुसरा मऊ लागतो! मी मुळात कमी बोलणारा माणूस. पण चार जण बसले की कुणीतरी म्हणतंच, "जान्याकाका, तो सैतानाचा सांग."

मग सांगावंच लागतं. कारण सैतान मीच होतो!

*

मी त्या चिकूवाडीचा राखणदार. पिक्चर असा की एक सैतान गावोगाव फिरतो, ज्याला जे हवं ते देतो आणि बदल्यात त्याचा आत्मा घेतो. सैतानाचं काम करणारा ऐन वेळी आलाच नाही. म्हणून डायरेक्टर साहेब गावातल्या पुरुषांना ओरडून दाखवायला सांगत होते. कुणी डरकाळी फोडली, कुणी दात विचकले. साहेब कंटाळून झाडाखाली उभे राहिले.

मी जवळ गेलो आणि माझ्या नेहमीच्या घोगऱ्या, संथ आवाजात म्हटलं, "साहेब... वर... बघू नका."

साहेब पांढरेफटक. "का?"

"वर... वटवाघळं आहेत. तोंडात पडेल."

साहेबांनी माझा हातच धरला. "मिळाला! सैतान मिळाला!"

*

घरी सांगितलं तर काशी, माझी बायको, चुलीपुढून उठलीच नाही. मागच्या वर्षी मला ताप आला होता तेव्हा ती महालक्ष्मीचा डोंगर अनवाणी चढून गेली होती. नवस बोलून मला परत आणलं असं तिचं म्हणणं.

"मी देवीकडे पदर पसरून तुझा जीव मागून आणला," ती म्हणाली, "आणि तू आता लोकांचे जीव मागत फिरणार? कुणी वरून ऐकलं तर?"

तेव्हापासून बोलणं बंद! मी कमी बोलणारा, त्यामुळे आमचं भांडण चाललंय हे शेजाऱ्यांना कळायलाही वेळ लागला. काशी कोंबड्यांना निरोप द्यायची. "सैतानाला सांगा, भाकरी टोपलीत आहे." स्वतः शेजारणीकडे जाऊन जेवायची. मी आणि कोंबड्या एकमेकांकडे बघत बसायचो. ती समोर नसली की मला घास जात नाही, हे कोंबड्यांना काय सांगणार?

*

पहिल्याच दिवशी शूटिंग संपल्यावर डोक्यावरची शिंगं निघेनात. मेकअपवाल्याने डिंक जास्त लावलेला. तेल लावलं, पाणी लावलं, शेवटी तो म्हणाला, "काका, आज अशीच राहू द्या."

मला बाजाराला जायचं होतं, तसाच एसटीत चढलो. कंडक्टरकडे म्हाताऱ्यांच्या सवलतीचं तिकीट मागितलं. त्याने आधार कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कार्ड बघितलं.

"काका, फोटोत शिंगं नाहीत."

मी म्हटलं, "फोटो जुना आहे."

त्याने गुपचूप तिकीट फाडलं!

*

मग गावकऱ्यांनी सैतानाला बघून पळायचं होतं. साहेब ओरडले, "ॲक्शन!" मी झाडामागून बाहेर आलो, हात वर केले.

"रामराम, काका!"

दुसऱ्यांदा वाडीला पाणी देणारा रघू अर्ध्यात थांबून विचारतो, "काका, पंप बंद केलास ना?" तिसऱ्यांदा एक म्हातारी माझ्या अंगरख्याचं कापड चाचपून बघायला लागली.

साहेब डोकं धरून बसले. मीच मंडळींना हात जोडले, "जरा घाबरा ना रे. साहेबांना जेवायला जायचंय."

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून कुणीतरी ओरडलं, "बिबट्या!"

काय पळाले सगळे! कॅमेरा चालूच होता. बिबट्या नव्हताच, कुणाचं तरी पिवळं कुत्रं होतं. साहेब म्हणाले, शॉट एकदम झकास आलाय, पण वापरता येत नाही. सगळ्यांच्या पुढे सैतानच धावतोय!

*

सौदा ठरला की सैतान ताडीचा पेला उचलतो आणि पितो, असा सीन होता. मला वाचता बेताचं येतं, म्हणून असिस्टंट मॅडम सगळं वाचून दाखवायच्या. मी पेला उचलला, आमच्या रीतीप्रमाणे चार थेंब जमिनीवर सांडले आणि मग प्यालो.

"कट! काका, सांडलं."

"सांडलं नाही. आधी देवाला, वाडवडलांना द्यायची."

"अहो, तुम्ही सैतान आहात!"

पुन्हा घेतला. पुन्हा हात आपोआप खाली. तिसऱ्यांदाही तेच. साहेब रडकुंडीला आले. "काका, सैतान कशाला वाडवडलांना देईल?"

मी म्हटलं, "साहेब, त्यालाही आजा-पणजा असतील की!"

*

शेवटच्या दिवशी सैतानाने एका म्हातारीचा आत्मा मागायचा होता. ते काम करणाऱ्या मुंबईच्या बाईंनी सकाळी ताडीची चव बघितली आणि त्या खाटेवर घोरायला लागल्या. मॅडम धावत पाड्यावर गेल्या आणि नेमकी काशीलाच घेऊन आल्या!

त्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "आजी, सैतानाशी बोलायचंय. शेवटी हो म्हणायचं."

काशी म्हणाली म्हणे, "मला त्याच्याशी बोलायचंच आहे."

साहेब म्हणाले, "ॲक्शन!"

मी म्हटलं, "म्हातारे... तुला सोनं देतो. बदल्यात तुझा आत्मा दे."

"सोनं नको. पाड्यावर कुणाला दाखवू?"

हे मॅडमनी वाचून दाखवलेलं नव्हतं. मी तसंच पुढे रेटलं, "मग... तुला पुन्हा तरुण करतो."

"कशाला? पुन्हा चिखलात वाकून भात लावू?"

मागे रघू फिसकन हसला. साहेबांनी त्याचं तोंड दाबलं, पण 'कट' म्हणाले नाहीत. मला आता पुढचं काही आठवेना.

"मग... काय हवं तुला?"

काशीने माझ्याकडे वर बघितलं. आधी शिंगांकडे, मग डोळ्यांत. किती दिवसांनी!

"माझा म्हातारा संध्याकाळी माझ्यासमोर जेवायला बसायला हवा."

"आणि... बदल्यात?"

काशीने थोडा विचार केला.

"तू पण ये," ती म्हणाली. "सुके बोंबील केलेत."