दुसरी घागर

तुमच्या घरचं माणूस पाणी मागत मागत गेलं असेल, तर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची घागर तुम्ही भराल की नाही?

धुळ्याच्या दवाखान्यात शेवटी शेवटी आमच्या आबांना तोंडानं पाणी द्यायची मनाई होती. ते मागत राहिले, आई ओला कापूस ओठांना लावत राहिली. पुढची अखाजी जवळ आली तेव्हा तिनं पारोळ्याच्या बाजारातून घागर आणली आणि मी भडकले.

कारण आबा सायकलवरून गावोगाव पत्रकं वाटत फिरलेले. मी वाचायला शिकले ती त्याच गुलाबी, पिवळ्या कागदांवर. एकाची सुरुवात अजून पाठ आहे: ‘मेलेल्यांच्या घागरी भरता, जित्यांच्या कोण भरणार?’

‘‘आबांना हे चाललं असतं का?’’ मी विचारलं.

‘‘तुना बाप तहानेला गया,’’ आई म्हणाली. ‘‘तू पत्रक वाच. मी पानी भरस.’’

आमच्या गावात अखाजीच्या संध्याकाळी बायका घागरीत डोकावतात. पाणी उतरलेलं दिसलं की म्हणतात, येऊन गेले. आई तेवढ्यासाठीच थांबली होती. आबांबद्दल ते कोणी बोलू नये, म्हणून मी त्याच कुंभाराकडून दुसरी घागर आणली. कोणाच्याच नावाची नाही. माती पाणी बाहेर सोडते आणि ते हवेत उडतं. दोन्ही घागरींनी बाहेरच्या पृष्ठभागाच्या मानानं सारखंच पाणी सोडलं, तर कोणीही आलेलं नाही.

पण हातानं थापलेल्या घागरी सारख्या कुठून असणार? एक एका अंगानं चेपलेली, दुसरीचं पोट सुटलेलं. नुसतं गोलाचं सूत्र इथे चालत नाही. मी तेव्हा धुळ्यात गणितात एम.एस्सी. करत होते. दोरा आणि पट्टी घेऊन ओसरीत बसले. घागरीवरची कुठलीही जागा सांगायला दोन गोष्टी लागतात: बुडापासूनची उंची आणि भोवतीचा कोन. त्या दोन्हींबरोबर घागरीच्या मध्यरेषेपासूनचं अंतर कसं बदलतं ते काढलं. त्यावरून जवळजवळ सपाट मानता येईल अशा चिमुकल्या तुकड्याचं क्षेत्रफळ, आणि मग अशा सगळ्या तुकड्यांची बेरीज, म्हणजे दुहेरी संकलन.

उत्तर पडताळायला माळ्यावरची उरलेली पत्रकं काढली. मोठा कागद घागरीवर बसेना, चुण्या पडायच्या. लहान लहान चौकोन कापून, ओले करून दुसऱ्या घागरीवर चिकटवले तेव्हा बसले. मोजले. गणिताशी जुळले. कागद सोलून काढल्यावर स्वस्तातली शाई मातीवर उलटी उमटून राहिली.

आईनं आबांच्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, शेजारी सांजोऱ्या ठेवल्या. माझी घागर बाजूला, तोंडावर नुसती ताटली. दोन्हींत पाणी मापून ओतलं.

संध्याकाळी आईनं डोकावून पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला होता, की मी जरा थांबायला हवं होतं.

‘‘देख, पानी खाले गयं. तुना बाप उना व्हता.’’

मी उरलेलं पाणी मापलं आणि भागाकार केला. दोन्ही घागरींचा दर सारखा आला. आई समोर उभी होती म्हणून मी गणित पुन्हा तपासायला घेतलं. घेर पुन्हा मोजले, बेरजा पुन्हा केल्या. आबांच्या घागरीतलं घोटभर पाणी जास्त गेलेलं निघावं, असं मला वाटत होतं. हे मी, त्या पत्रकांवर वाढलेली मुलगी, लिहिते आहे. तेवढं पाणी निघालं नाही.

‘‘आई, कोणी आलं नव्हतं. त्या दुसरीतलंही त्याच मानानं गेलंय.’’

तिनं दुसऱ्या घागरीकडे पाहिलं. घाम सुटलेल्या मातीवर आबांची उलटी अक्षरं काळी पडली होती.

‘‘मंग त्या दुसरी घागरनं पानी कोन पी गया?’’

‘‘कोणी नाही. ती कोणाचीच नाहीये.’’

‘‘म्हनीसन मी इचारस,’’ ती म्हणाली आणि आत गेली.

माझं गणित बरोबर आहे, मी त्यातला आकडाही बदलणार नाही. पण तेव्हापासून उन्हात कुठलीही भरलेली घागर दिसली, की तिच्या ओल्या पोटावर मला अक्षरं दिसतात, आणि आईचा प्रश्न ऐकू येतो.

म्हणून एक मागते. या अखाजीला तुमच्या माणसाची घागर भरा किंवा भरू नका, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक दुसरी भरा, कोणाच्याच नावाची नसलेली. ती घरात ठेवू नका. रस्त्याच्या कडेला, सावलीत, झाकण घालून ठेवा, आणि वर पेला उपडा घाला.