हा जांगच्या डोंगरात अडलेली म्हैस

मी व्हिएतनामला एकटी गेले आहे, हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

जाणार होतो दोघी. रांजणगावच्या एमआयडीसीत मी आणि माझी मैत्रीण वीस वर्षं एकाच कारखान्यात, क्वालिटीच्या एकाच टेबलावर काम करतोय. वर्षभर जुळवाजुळव करून दोघींनी दहा दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती. निघायच्या दोन दिवस आधी तिच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ती फोनवर रडत म्हणाली, "आता पुढच्या वर्षी जाऊ गं." मी "बरं" म्हटलं आणि तिकीट रद्द केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला एवढंच सांगितलं की मी चाललेय, आणि कुणी विचारलं तर सांभाळून घे. ती म्हणाली, "तुला भीती नाही वाटत?"

वाटत होती. पण एवढ्या वर्षांत मी शिरूर, रांजणगाव आणि माहेरचं कासुर्डी यांच्या पलीकडे एकटी कधी गेलेच नव्हते, आणि आता नाही तर मग कधीच नाही, असं काहीतरी मनानं घेतलं होतं. नवऱ्यानं शिरूरच्या स्टँडवर सोडलं. "ती कुठाय?" त्यानं विचारलं. "पुण्यात भेटतेय," मी म्हणाले. बस सुटली तेव्हा मी खिडकीतून त्याला हात केला.

हनोईत पहिल्या संध्याकाळी एका रस्त्याच्या कडेला मी पाव तास नुसती उभी होते. समोर तळं, तळ्यात छोटं देऊळ, लाल पूल, आणि मधे स्कूटरींचा न तुटणारा लोंढा. यवतला उड्डाणपूल नव्हता तेव्हा भरधाव ट्रकांमधून सोलापूर रस्ता ओलांडलेली मी, पण तिथं निदान मधे एखादी फट सापडायची. इथं फटच नव्हती. शेवटी भाजीच्या पाट्या खांद्यावर घेतलेली एक बाई शांतपणे रस्त्यात उतरली. मी तिच्या अगदी मागून, तिच्या सावलीसारखी चालत गेले. स्कूटरी आमच्या दोन्ही बाजूंनी वळून जात होत्या. पलीकडे पोचल्यावर मला एकटीलाच हसू आलं.

तीन दिवस जुने गल्लीबोळ पाहिले, पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला, अंड्याचा फेस घातलेली कॉफी प्यायले. रोज संध्याकाळी घरी फोन करायचा. "मैत्रीण कुठाय?" "अंघोळीला गेलीय." "खाली दुकानात गेलीय." चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "ती बाई आपल्या फोनच्या वेळेलाच बरी नाहीशी होते." तो हसत म्हणाला की संशयानं, ते मला कळलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

हनोईहून बसनं उत्तरेला ‘हा जांग’ नावाच्या डोंगराळ भागात गेले. तिथून पुढचा डोंगराचा रस्ता लोक भाड्याच्या मोटारसायकलीवर, चालवणाऱ्याच्या मागे बसून करतात. मला तिशीतली एक बाई मिळाली. उंचीनं माझ्या खांद्याएवढी, पण गाडी अशी चालवायची की वळणावर माझे डोळे आपोआप मिटायचे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि समोरून धुक्यात अचानक सिमेंटचा ट्रक. तिला थोडं इंग्रजी येत होतं. "लूक, ब्युटिफुल," ती ओरडायची. मी एक डोळा उघडून बघायची. खाली पिवळ्या भाताच्या पायऱ्या डोंगर उतरत नदीपर्यंत गेलेल्या असायच्या. सुंदर होतंच ते. पण माझ्या बोटांनी तिच्या जाकिटाची कड सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका खोऱ्यातल्या गावात मुक्कामाला पोचलो. लाकडी खांबांवर उचललेलं घर, वर माणसं राहतात, खाली जमिनीवर गोठा. घरात साठीची एक बाई एकटीच होती. मुलगा आणि सून पलीकडच्या डोंगरावर भात कापायला गेले होते. तिनं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या चालकबाईचा हात धरून ती तिला सरळ खाली घेऊन गेली. मीही मागोमाग गेले.

गोठ्यात म्हैस आडवी पडली होती. आपल्याकडच्या म्हशींपेक्षा बुटकी, करडी, शिंगं विळ्यासारखी मागे गेलेली. शेपटाखालून एकच खूर बाहेर आला होता. फक्त एकच.

आबा, म्हणजे माझे वडील, कासुर्डीत आजही चार म्हशी सांभाळतात. पंचक्रोशीत कुणाची म्हैस अडली की त्यांनाच बोलावतात. लहानपणी मी त्यांच्यामागे कंदील, नाहीतर तेलाची वाटी धरून उभी राहिलेली आहे. त्यामुळे एक खूर म्हणजे काय, हे मला न सांगता कळलं. वासराचे पुढचे दोन्ही पाय आणि त्यावर टेकलेलं तोंड असं बाहेर यायला हवं. एक पाय आत मुडपून राहिला होता. म्हैस कळ देत होती आणि वासरू आत अडकलेलं होतं.

"सकाळपासून असं आहे," चालकबाईनं मला सांगितलं. गुरांचा डॉक्टर घाटापलीकडच्या गावी होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. "मी त्याला घेऊन येते. दोन तास, कदाचित तीन." मी काही बोलायच्या आत तिनं गाडीला किक मारली.

आता तिथं आम्ही दोघी उरलो, मी आणि ती बाई. मधे कुठलीच भाषा नव्हती. म्हशीनं मान टाकली होती. कळा आता लांब लांबनं येत होत्या, आणि मला माहीत होतं, त्या थांबल्या की संपलं. तीन तास ती टिकणार नाही.

मी स्वतः कधी हात घातलेला नव्हता. शिवाय परक्या देशात, परक्याच्या गोठ्यात, माझ्या हातून म्हैस मेली तर? पोलीस येतील का? माझा पासपोर्ट वर बॅगेत होता. वर जाऊन गप्प बसावं, डॉक्टर येईल तेव्हा येईल, असंही मनात आलं. मग त्या बाईनं म्हशीच्या कानाशी बसून काहीतरी पुटपुटत तिच्या कपाळावरून हात फिरवायला सुरुवात केली. मी फोन काढला.

घराचं वायफाय गोठ्यापर्यंत येत होतं. कासुर्डीत तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील, आबा पडलेले असणार. तिसऱ्या रिंगला व्हिडिओ चालू झाला आणि मला त्यांचं कपाळ आणि वरचे पत्रे दिसले. फोन समोर धरायचं त्यांना अजून जमत नाही.

"काय गं? बरी हायेस न्हवं?"

"आबा, इथं एकाची म्हैस अडलीय. एकच पाय बाहेर आलाय. डॉक्टर नाही."

ते उठून बसल्याचा आवाज आला. "कवापासनं?"

"सकाळपासून."

"तोंड लागतंय का हाताला?"

"मी हात नाही घातला अजून."

"मग घाल की. बांगड्या काढ. नखं काप. कोपराच्या वर साबणानं धू, आन् गोडं तेल लाव. उशीर करू नगंस."

मी त्या बाईसमोर हातवारे केले. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये "मी मदत करू का?" असं बोलले, तर त्यातून काय निघालं कोण जाणे, ती गोंधळून बघत राहिली. मग मी बांगड्या काढल्या. ते बघून तिला कळलं. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला, बोटं उलटी-सुलटी करून पाहिली, आणि धावत जाऊन कढत पाणी, साबण आणि तेलाची बाटली आणली. मी फोन खांबाच्या खाचेत उभा केला.

आत हात गेला तेव्हा पहिली जाणीव झाली ती उष्णतेची. मग कळ आली आणि माझं मनगट हाडाच्या कमानीवर असं दाबलं गेलं की माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"वरडू नगं, म्हस बिथरंल," आबा म्हणाले. "कळ जाऊ दे. ती थांबली की फुडं सरक. काय लागतंय?"

"तोंड आहे. नाक... आणि बाहेर आलेल्या पायाचा गुडघा. दुसरा पाय नाही लागत."

"बाह्यर आलाय त्या पायाच्या खुरांच्या बेचक्यात चिमटा काढ. पाय वढून घेतंय का?"

मी जोरात चिमटा काढला. पुन्हा काढला. "काही हललं नाही, आबा."

"असू दे," ते म्हणाले. "कदी कदी न्हाई वढत. आता वासराला मागं रेट. कळ नसंल तवाच. जागा झाली की खालनं हात घाल, मुडपलेला पाय सापडंल. खूर तळहातात झाकून घे, न्हाईतर पिशवी फाटंल."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी शेणामुतात पालथी पडले होते, गाल म्हशीच्या मांडीला टेकलेला. रेटायचं, कळ आली की थांबायचं, दात आवळायचे, पुन्हा रेटायचं. दोनदा खूर बोटांना लागला आणि निसटला. तिसऱ्यांदा तो तळहातात आला. मी मूठ मिटली आणि हळूहळू पुढे आणला. दुसरा खूर बाहेर दिसला तेव्हा ती बाई मोठ्यानं काहीतरी बोलली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"आला, आबा! दोन्ही पाय आले!"

"शाब्बास. आता दोनी पायास्नी दावं बांध. कळंबरूबर वढायचं, आन् खालच्या अंगाला, तिच्या पायाकडं. तुझ्या मैतरणीला म्हनावं एक दावं धर."

माझा हात थांबला. म्हैस धापा टाकत होती. ती बाई माझ्याकडे बघत होती.

"ती नाहीये, आबा."

"कुटं गेली?"

"ती आलीच नाही. मी एकटीच आलेय."

फोनवर त्यांचं कपाळ आणि वरचे पत्रे तसेच दिसत होते. मला वाटलं, आता फोन बंद होईल.

"बरं," आबा म्हणाले. "मग त्या बाईला धरायला लाव. कळ यायला लागलीया बघ."

आम्ही दोघींनी ओढलं. टाचा मातीत रुतवून, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. चार कळांनंतर डोकं सुटलं, आणि मग सगळं अंग एकदम घसरत बाहेर आलं आणि आम्ही दोघी मागे पडलो. रेडकू काळंभोर होतं, मोठं. मी त्याच्या नाकातोंडातलं काढलं, नाकपुडीत गवताची काडी घातली, फडक्यानं छाती घासत राहिले. ती बाईही घासत होती. आबा काहीच सांगत नव्हते. थोड्या वेळानं त्या बाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मला थांबवलं.

मग मला रडू आलं. ती मात्र रडली नाही. तिनं म्हशीसमोर कोमट पाण्याची बादली ठेवली. म्हशीनं आधी नुसतं हुंगलं, मग एका दमात निम्मी बादली प्यायली आणि पुढचे गुडघे रोवून उभी राहायचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला ती उभी राहिली. पाय लटपटत होते, पण उभी होती. त्या घरची सगळी नांगरणी त्याच एका म्हशीवर होती, हे मला नंतर कळलं.

चालकबाई डॉक्टरला घेऊन आली तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं. डॉक्टरनं म्हशीला दोन इंजेक्शनं दिली, आत हात घालून तपासलं, आणि तिच्यामार्फत मला विचारलं, "तुम्ही गुरांच्या डॉक्टर आहात?" मी मान हलवून नाही म्हटलं. तो त्या बाईशी बराच वेळ बोलला. चालकबाई म्हणाली, "तो म्हणतो, उशीर केला असता तर दोन्ही गेली असती."

त्या बाईनं मला न्हाणीघरात नेलं आणि माझा हात स्वतः धुतला, खांद्यापासून बोटांपर्यंत. मनगट सुजलं होतं. कुठला तरी उग्र वासाचा पाला ठेचून तिनं त्यावर बांधला.

संध्याकाळी मी आबांना पुन्हा फोन केला. म्हैस चारा खातेय, गर्भाची वारही पडली, असं सांगितलं.

"झ्याक झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "चिमट्याला पाय वढला न्हाई, तवाच मला कळलं व्हतं रेडकू गेलंय म्हून. तुला बोल्लो न्हाई. बोल्लो असतो तर तुझा हात ढिला पडला असता."

मी पाला बांधलेलं मनगट मांडीवर घेतलं.

"आन् नवऱ्याला तू सोता सांग," ते म्हणाले. "माझ्याकडनं न्हाई कळायचं त्याला."

मी लगेच नवऱ्याला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं, अगदी स्टँडवरच्या खोट्यापासून. माझं संपल्यावर त्यानं फोन ठेवून दिला. मी पायरीवर बसून राहिले. तासाभरानं त्याचा मेसेज आला: "परत येताना मुंबईला घ्यायला येतो. तोवर बोलायचं नाहीये मला." आणि खरंच, पुढचे चार दिवस तो बोलला नाही. रोज संध्याकाळी मी कुठं आहे ते लिहून पाठवायची. निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावातून निघताना त्या बाईनं केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात माझ्या बॅगेत कोंबला. म्हैस अंगणात बांधली होती आणि रवंथ करत होती. त्या दिवशी आम्ही सगळ्यात उंच घाट चढलो. कठड्याशी लोक फोटो काढत उभे होते. खाली, खूप खोल, हिरवी नदी दोन कड्यांमधून जात होती. मला उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता, म्हणून चालकबाईनंच माझे फोटो काढले. ती म्हणाली, "हस ना." मी हसले.